जपानमध्ये हस्तकला शिकून बघायच्यात? मग दोन दिवस एका गावाला द्या

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याचं एक कुटुंब, आई-वडील आणि 11 वर्षांची मुलगी, दिवाळीच्या सुट्टीत 12 दिवस जपानला चाललंय. टोकियो, क्योटो, ओसाका ठरलेलं आहे. मातीकाम, निळीची रंगाई, हातकागद, किंत्सुगी (फुटलेलं भांडं सोन्याच्या रेघांनी जोडणं) आणि सोन्याचा वर्ख हे सगळं त्यांना स्वतःच्या हातानं करून बघायचंय. आई लिहितात, "दीड-दीड तासाचे पाच वर्ग बुक करायला घेतले होते, पण तेवढ्यात खरंच काही कळतं का? भाषा येत नाही, त्याचं काय? आणि केलेली वस्तू घरी कशी येणार?"

ताई, पाचातले तीन वर्ग रद्द करा. वाचलेल्या वेळात दोन दिवस कारागिरांच्या एखाद्या गावी, शक्यतो एचिझेनला, जाऊन राहा. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते.

मी गेली 22 वर्षं मातीकाम करते. त्यातली तीन वर्षं नागोयाजवळच्या टोकोनामेत एका कुंभाराच्या हाताखाली काढली आणि आता अधूनमधून आपल्याकडच्या पाच-सहा जणांना तिकडे घेऊन जाते. माती हा माझा विषय आहे. निळीच्या, कागदाच्या आणि उरुशीच्या (झाडाच्या चिकाच्या) कामाला मी विद्यार्थिनी म्हणूनच बसले आहे, तेव्हा त्याबद्दल लिहीन ते त्या जागेवरून.

पाहुण्यांसाठीच्या अशा वर्गाला जपानीत 'ताइकेन' म्हणतात, म्हणजे अनुभव. कुठलंही ताइकेन हा एका लांबलचक कामातला एक तुकडा असतो. माती कोणीतरी आधी मळून ठेवलेली असते, निळीचं पिंप कोणीतरी कित्येक दिवस जोपासलेलं असतं, कागदाचा लगदा कोणीतरी थंड पाण्यात उभं राहून निवडलेला असतो. तुम्ही येता, मधला सगळ्यात देखणा भाग करता आणि जाता. यात फसवणूक काहीच नाही. फक्त आपल्याला कोणता तुकडा मिळतोय ते बुक करतानाच माहीत हवं. म्हणून वर्ग निवडताना मी हेच बघते, की माझ्या तासाच्या आधी काय झालं आणि मी उठून गेल्यावर काय होणार, हे तिथली मंडळी दाखवतात का. दाखवत असतील तर दीड तासही पुरतो.

आता माती. बहुतेकांना चाकावर बसायचं असतं, कारण फोटो चाकाचा चांगला येतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी चाक सुचवत नाही. चाकावरची माती मध्यावर आणायला शिकायलाच महिने जातात. तासाभराच्या वर्गात ते काम शिक्षक करून देतात, भिंत वर ओढतानाही त्यांचा हात तुमच्या हातावर असतो आणि वाटी डगमगली की तेच सावरतात. वाटी सुरेख होते, पण ती बरीचशी त्यांचीच असते. त्यापेक्षा 'तेबिनेरी' घ्या, म्हणजे हातानं घडवणं. मातीच्या वळ्या करायच्या, एकावर एक रचायच्या, बोटानं सांधे बुजवायचे. आपण कडबोळी हातानं वळतो ना, तसंच. तुमच्या मुलीला तर हे फारच आवडेल. यात चूक तुमची आणि वाटीही तुमची. मातीला किती पाणी लागतं, भिंत कुठे बसायला लागते, कधी थांबून तिला जरा सुकू द्यायचं, हे दीड तासात हाताला समजतं. चाकावर ते समजत नाही.

तुम्ही नागोयावरून जाणारच आहात, तर टोकोनामेला उतरा. नागोयाहून मेइतेत्सू रेल्वेनं 30-40 मिनिटं लागतात, आणि चुबू विमानतळ तर त्याच गावासमोरच्या समुद्रात भराव घालून बांधलेला आहे. सेतो, टोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, ताम्बा आणि बिझेन ही जपानची सहा प्राचीन भट्ट्यांची गावं मानली जातात. 2017 मध्ये या सहांना मिळून 'जपानचा वारसा' म्हणून मान्यता मिळाली. टोकोनामेत कुंभारवाड्यातून फिरायची एक पायवाट आखलेली आहे. तिच्यावर एक चढ आहे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती मातीचे जुने नळ आणि दारूच्या जुन्या बरण्या रचून बांधल्या आहेत. पुढे 1887 सालची चढती भट्टी आहे, डोंगरउतारावर एकापुढे एक कप्पे असलेली. ती 1974 पर्यंत पेटत होती. तिची 10 धुराडी आहेत आणि उंची सगळ्यांची सारखी नाही. तिथे मुलीला दहा मिनिटं उभं करा. बाकीच्या वर्गात जे कुणी सांगणार नाही ते तिथे दिसतं: एक वाटी भाजायची म्हणजे अख्खा डोंगर पेटवण्यासारखं होतं.

टोकोनामेचं नाव आहे ते लोहयुक्त लाल मातीच्या 'क्यूसू'साठी, म्हणजे बाजूला दांडा असलेल्या चहाच्या किटलीसाठी. जमलं तर एखाद्या कारागिराला किटली करताना नुसतं बसून बघा. धड, झाकण, तोटी आणि दांडा हे भाग चाकावर वेगवेगळे काढतात, जरा सुकले की जोडतात. शेवटी झाकण आणि तोंड यांच्यामध्ये बारीक पूड घालून दोन्ही एकमेकांवर फिरवत घासतात, झाकण बरोब्बर बसेपर्यंत. माझ्या गुरुजींकडे बांबूचं एक जुनं माप होतं, 'तोम्बो' नावाचं. तोम्बो म्हणजे चतुर, तो तळ्यावर उडणारा. उभी काडी वाटीची खोली दाखवते आणि तिला आडवी लावलेली दुसरी काडी तोंडाची रुंदी. चाकावर वाटी तयार झाली की ते वरून अलगद धरायचं. काड्या पाण्यावर चतुर टेकावा तशा टेकल्या की माप बरोबर. पन्नास वाट्या एकसारख्या करायला त्यांना एवढं साधन पुरत असे. त्या काडीची टोकं माझ्या हातात आली तेव्हा झिजून गोल झालेली होती. ते बघून मला जे कळलं ते कुठल्या वर्गात कळलं नसतं.

वस्तू घरी कशी येणार, हे मातीच्या बाबतीत आधीच विचारून घ्या. तुम्ही केलेली वाटी आठवडा-दोन आठवडे सुकते, मग एकदा कच्ची भाजली जाते, मग झिलई, मग साधारण 1,200 अंशांच्या वर दुसरी भाजणी. हातात येईपर्यंत एक ते दोन महिने जातात. सुकताना आणि भाजताना मिळून ती साधारण आठवा हिस्सा आक्रसते, म्हणून चहाचा कप करायचा असेल तर डोळ्यांना मोठा वाटेल असा करा. बऱ्याच ठिकाणी परदेशी पाठवत नाहीत, आणि पाठवलं तरी टपालखर्च वर्गाच्या फीपेक्षा जास्त होऊ शकतो. जपानात ओळखीचं कुणी असेल तर त्यांचा पत्ता द्या. आजकाल आपली मराठी मंडळी तिकडे बरीच आहेत, त्यांच्याकडे पार्सल गेलं की कुणीतरी सुट्टीत घेऊन येतं. कुणीच नसेल तर सरळ सांगते, वाटी तिथेच सोडून यायची तयारी ठेवा. करण्यातला आनंद त्यानं कमी होत नाही. माझ्याबरोबर आलेल्या एका काकांनी घडवलेली वाटी शेवटी मोडून माती परत पिंपात टाकली आणि ते पूर्ण समाधानानं उठले.

पुणेकर वाचत असतील तर त्यांच्यासाठी. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या बागेवरून केलंय, त्याच ओकायामा प्रांतात बिझेन आहे. तिथल्या भांड्यांना झिलईच नसते. लाल पाइनची लाकडं दहा-बारा दिवस जळत राहतात, राख आणि आच जे रंग देतील ते. तुमचं भांडं पुढच्या भट्टीची वाट बघत कित्येक महिने थांबेल, पण संग्रहालय आणि कारागिरांची दुकानं बघायला गाव फार सुंदर आहे.

किंत्सुगीबद्दल मला जरा कळकळीनं लिहायचंय. फुटलेलं भांडं सोन्याच्या रेघांनी जोडतात, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. खऱ्या किंत्सुगीत सोनं अगदी शेवटी येतं. जोडणारी वस्तू उरुशी. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक (आपली लाख किड्यापासून होते, ही ती नव्हे). 10-15 वर्षं वाढवलेल्या झाडाला चिरा देऊन जेमतेम 200 ग्रॅम चीक निघतो. गव्हाचं पीठ पाण्यात कणकेसारखं मळून त्यात उरुशी घालतात, तार सुटेपर्यंत घोटतात आणि त्यानं तुकडे चिकटवतात. मग दमट पेटीत ठेवायचं. उरुशी वाळत नाही, ती दमट हवेत घट्ट होते. 70-80 टक्के आर्द्रता लागते, म्हणजे आपल्या कोकणातली जुलैची हवा. मग मातीची पूड घातलेल्या उरुशीनं भेगा भरायच्या, घासायच्या, परत पेटीत. मग पातळ थर, परत पेटीत. मग लाल उरुशीची रेघ आणि तिच्यावर सोन्याची पूड. दोन-तीन महिने सहज जातात.

तर दीड तासात काय होणार? झटपट चिकटणारा रासायनिक गोंद आणि सोनेरी पूड. एके ठिकाणी माझ्या गटाला हे सांगितलंच नव्हतं, आणि त्यातल्या एकीनं आजीची जपून आणलेली बशी जोडून घेतली. मग कळलं की त्या गोंदामुळे तिच्यात आता खाता येणार नाही. त्यामुळे आधी विचारा: उरुशी खरी आहे का, आणि भांड्यात खाता येईल का? झटपट वर्ग करायला माझी हरकत नाही, मात्र घरची भावनेची वस्तू त्यात नेऊ नका.

आणि खरी उरुशी असेल तर आपल्या लोकांनी एक काळजी घ्यायलाच हवी. उरुशीचं झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे. ज्यांना आंब्याच्या चिकानं ओठ फुटतात किंवा ज्यांना कधी बिब्बा उतलाय, त्यांना ओल्या उरुशीचा त्रास होण्याची शक्यता जास्त. माझ्या गटातल्या रत्नागिरीच्या एका काकूंनी हातमोज्याच्या वर, मनगटाला, थेंबभर लागलेली उरुशी पुसली आणि विसरून गेल्या. तिसऱ्या दिवशी कोपरापर्यंत पुरळ. कारागीर म्हणाले, आम्ही सगळेच यातून गेलोय. पण प्रवासात हे नको. लांब बाह्या, लांब हातमोजे, आणि मुलीला ओल्या उरुशीपासून लांबच ठेवा. पूर्ण घट्ट झालेल्या उरुशीच्या भांड्यानं सहसा काही होत नाही, ती निर्धास्त वापरा.

निळीचं काम मुलांबरोबर करायला सगळ्यात छान. क्योटोत, टोकियोत बऱ्याच ठिकाणी होतं, पण त्याचं मूळ घर शिकोकू बेटावरचं टोकुशिमा, जुनं नाव आवा. ओसाकाहून बसनं अडीचेक तास, दोन मोठे पूल ओलांडून. तिथल्या आइझुमी गावी 'आइ नो याकाता' म्हणून निळीच्या जुन्या व्यापाऱ्याच्या वाड्यात संग्रहालय आहे, तिथे रुमाल रंगवू देतात. आपली नीळ आणि त्यांची नीळ ही वेगवेगळी झुडपं आहेत. आपण ओल्या पानांपासून वड्या पाडत आलो. ते पानं वाळवून, पाणी मारून, सुमारे 100 दिवस कुजवून त्याचं 'सुकुमो' करतात, दिसायला शेणखतासारखं. मग राखेचं पाणी, कोंडा, चुना घालून ते पिंपात आंबवतात. मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हिंदुस्थानातली स्वस्त नीळ जपानात पोहोचली आणि तिच्यामागून 1897 नंतर कारखान्यातली कृत्रिम नीळ आली. या दोघींनी मिळून आवाच्या निळीचा धंदा जवळजवळ बसवला. आपल्या निळीचा तिथल्या शेतकऱ्याला बसलेला हा फटका आपल्या इतिहासात कुणी शिकवत नाही. मला तो त्या वाड्यात उभं असताना कळला.

वर्ग घेताना 'सुकुमो' हा शब्द उच्चारा. रसायनानं लवकर तयार केलेल्या पिंपात रंग चढतो, पण वास नसतो आणि फेसही तसा नसतो. आंबलेल्या पिंपावर जांभळट-निळा फेस धरतो, त्याला ते निळीचं फूल म्हणतात. कापड आधी साध्या पाण्यात भिजवून पिळायचं, मग हळू आत सोडायचं. खळबळ करायची नाही, कारण आत हवा गेली तर पिंपाला बाधते. बाहेर काढताना ते शेवाळी-हिरवं असतं. हवेत धरलं की तुमच्या डोळ्यांदेखत निळं होत जातं, कडेपासून आतल्या घड्यांकडे. हे बघताना मोठी माणसंही गप्प होतात. हातमोजे न घालता करा असं मी म्हणेन, पण मग नखं दोन आठवडे निळी राहतील हे मुलीच्या शाळेला सांगून ठेवा.

टोकुशिमा बसत नसेल तर नागोयाच्या बाजूचं आरिमात्सू बघा, मेइतेत्सूनंच 20-25 मिनिटं. 1608 मध्ये वसवलेलं हे गाव बांधणीचं आहे. शंभराहून जास्त तऱ्हेच्या गाठी तिथे बांधल्या जातात. कच्छची बांधणी बघितलेल्यांनी तिथल्या आजींच्या शेजारी बसावं. धागा ओढायची लकब बघूनच गाठींची दोन घराणी कळतील.

आता ज्या गावासाठी दोन दिवस मागतेय ते: एचिझेन, फुकुई प्रांत. 16 मार्च 2024 पासून शिनकानसेन (बुलेट ट्रेन) तिथवर जाते. क्योटोहून त्सुरुगापर्यंत एक्स्प्रेस, तिथे गाडी बदलून पुढचंच स्टेशन एचिझेन-ताकेफू. आसपासच्या काही मैलांत कागद करणारे, सुऱ्या घडवणारे लोहार, उरुशीची भांडी करणारे आणि सहा प्राचीन भट्ट्यांपैकी एकीचे कुंभार, सगळे आहेत. प्रत्येकाचा धंदा चालू आहे, पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेला नाही.

कागदगावात सुमारे 1,500 वर्षं कागद होतोय असं मानतात आणि कागद करायला शिकवणाऱ्या देवीचं देऊळ तिथे आहे. पाहुण्यांसाठी 'पापिरुस-कान' म्हणून जागा आहे, तिथे मुलांनाही पत्रं, कंदिलाचे कागद करता येतात आणि वाळवून त्याच दिवशी हातात मिळतात. शेजारच्या जुन्या घरात कारागीर तुतीच्या जातीच्या 'कोझो'च्या सालीपासून पहिल्यापासून शेवटपर्यंत काम करून दाखवतात. आधी ते बघा, मग स्वतः करा. हा क्रम उलटा करू नका.

कुंडात कोझोचे लांब धागे पाण्यात पसरलेले असतात, आणि ते तळाशी बसू नयेत म्हणून 'तोरोरो-आओई' नावाच्या झुडपाच्या मुळांचा चिकट रस घालतात. हे झुडूप आपल्या भेंडीची सख्खी चुलत बहीण. मी पहिल्यांदा त्या कुंडात हात घातला तेव्हा एकदम ओळखीचं वाटलं: भेंडी चिरताना सुरीला तार येते, तीच ही. उन्हाळ्यात हा बुळबुळीतपणा लवकर मरतो, म्हणून चांगला कागद थंडीत करतात. तुम्ही नोव्हेंबरात जाताय ते बरंच आहे. बांबूच्या काड्यांची चौकट पाण्यात बुडवून उचलायची आणि पुढे-मागे हलवायची. पाणी लगेच गळून जात नाही, त्या चिकट रसामुळे सावकाश उतरतं, आणि तेवढ्या वेळात धागे एकमेकांत गुंततात. आपल्या पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद होतो, 1940 पासून. तो धागा आखूड आणि कागद जाड, दमदार. कोझोचा कागद उजेडात धरा, लांब धागे केसांसारखे आडवेतिडवे दिसतील. शक्य असेल तर पुण्याचा एक ताव सोबत न्या आणि कारागिराला दाखवा. माझ्या बाबतीत तिथून पुढे दुभाष्याची गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताकेफूच्या लोहारांकडे. तिथली परंपरा क्योटोहून 1337 मध्ये आलेल्या एका तलवार घडवणाऱ्यापासून सांगतात. घण बघा, सुरीला धार लावायचा वर्ग घ्या. सुरी विकत घेतलीत तर ती विमानात चेक-इन बॅगेतच. एक अडचण आहे: अशा गावात शाकाहारी जेवण मिळणं कठीण, कारण साध्या रश्शातही मासळीचा अर्क असतो. दशम्या, चटणी सोबत ठेवा.

सोन्याचा वर्ख कानाझावाला करा, वाटेवरच आहे. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख तिथेच होतो आणि त्याची जाडी मिलिमीटरचा साधारण दहा हजारावा भाग. काडीपेटीएवढ्या डबीवर तो चिकटवायचा वर्ग तासाभराचा आणि मजेचा आहे. फार काही शिकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

शहरातले वर्ग साधारण 3,000 ते 6,000 येनला पडतात. आधी आरक्षण, आणि दहा मिनिटं आधी पोहोचा. न जाणं हे तिथे फार मनाला लावून घेतात, कारण तुमच्यासाठी माती किंवा पिंप तयार केलेलं असतं. बक्षिसी देऊ नका. अंगठ्या काढा, ओढणी नको, मोजे धड असू द्या कारण चपला बाहेर काढायच्या असतात. शिकवणारी व्यक्ती 'देंतो-कोगेइशी' आहे असं लिहिलेलं दिसलं तर ती परीक्षा देऊन मान्यता मिळालेली कारागीर आहे. त्या परीक्षेला बसायलाच किमान 12 वर्षांचा अनुभव लागतो.

भाषेची काळजी सोडा. तिथे शिकण्याला 'मिनाराई' असा शब्द आहे, बघून सवय करणं. माझे गुरुजी तीन वर्षांत फार तर शंभर वाक्यं बोलले असतील. ते करत आणि मी बघे. समजलं नाही तर म्हणा, "मो इचिदो मिसेते कुदासाइ," एकदा परत दाखवा. आणि मुलीकडून विमानातच एक वाक्य पाठ करून घ्या: "सावात्ते मो ई देस् का?" हात लावू का? लहान मुलानं असं विचारलं की कारागीर हातातलं काम थांबवतात, मागच्या खोलीत जातात आणि सहसा पाहुण्यांना न दाखवलेली ओल्या सालींची बादली पुढे ओढून आणतात.